'करतो', 'करतोय', 'करत असतो': इंग्रजीतले दोन वर्तमानकाळ कसे वापरायचे

इंग्रजी शिकायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात दोन वर्तमानकाळ समोर येतात. 'आय वर्क' हा साधा आणि 'आय ॲम वर्किंग' हा चालू. तक्ते पाठ होतात, गाळलेल्या जागाही बरोबर भरल्या जातात. तरी बोलायला उभं राहिलं की 'आय ॲम नॉट नोइंग', 'शी इज हॅविंग टू ब्रदर्स' अशी वाक्यं तोंडातून निघून जातात. याचं कारण साधं आहे. आपण मनातल्या मराठी क्रियापदाचा शेवट बघतो आणि त्यावरून इंग्रजी रूप ठरवतो: 'करतो' असेल तर 'डू', 'करतोय' असेल तर 'डूइंग'. पुष्कळदा हे जुळतंही, म्हणूनच सवय पक्की होते. पण जिथे जुळत नाही त्या जागा ठरावीक आहेत. त्या एकदा नीट ओळखीच्या झाल्या की चुका झपाट्याने कमी होतात, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त वेळ मी तिथेच घालवणार आहे.

आधी प्रश्न, मग काळ

वाक्य बनवण्यापूर्वी स्वतःला इतकंच विचारायचं: ही गोष्ट एरवीही अशीच असते, की सध्या चालू आहे आणि केव्हातरी थांबणार आहे? एरवीची गोष्ट असेल तर साधा वर्तमानकाळ. सध्याची असेल तर चालू वर्तमानकाळ.

'व्हॉट डू यू डू?' आणि 'व्हॉट आर यू डूइंग?' हे दोन प्रश्न शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात समोरच्याचा कामधंदा विचारला आहे. उत्तर येईल, 'आय टीच मॅथ्स.' हे उत्तर देताना तो माणूस सोफ्याखाली हात घालून किल्ल्या शोधत असला तरी वाक्य खरंच आहे, कारण एरवी तो गणित शिकवतो. दुसऱ्या प्रश्नाला त्याच माणसाचं उत्तर असेल, 'आय ॲम लुकिंग फॉर माय कीज.' किल्ल्या सापडल्या की ते वाक्य संपलं. 'आय टीच मॅथ्स' मात्र उद्याही तसंच राहील.

साधा वर्तमानकाळ म्हणजे 'आत्ताचं' अशी समजूत करून घेतली तर इथेच गाडी अडते. 'वॉटर बॉइल्स ॲट अ हंड्रेड डिग्रीज' म्हणताना पाणी कुठेही उकळत असायची गरज नाही. समुद्रसपाटीवर पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं, ही नेहमीची गोष्ट आहे. पण चुलीवरच्या भांड्याकडे बोट दाखवून सांगायचं असेल तर 'द वॉटर इज बॉइलिंग.'

'सध्या' हा शब्दही थोडा सैल धरा. त्यात हा क्षण येतो, तसेच हे दिवसही येतात. एखादी व्यक्ती तुमच्यासमोर बसून गप्पा मारतेय, हातात पुस्तक नाही, तरी ती म्हणू शकते, 'आय ॲम रीडिंग अ व्हेरी गुड बुक.' पुस्तक अर्धं वाचून झालंय, उरलेलं वाचायचंय, एवढं पुरतं. हळूहळू बदलत जाणाऱ्या गोष्टींनाही हाच काळ लागतो: 'द डेज आर गेटिंग शॉर्टर.'

साध्या वर्तमानकाळाची बांधणी

मराठीत तो करतो, ती करते, ते करतात. पुरुष बोलत असेल तर 'मी करतो', बाई बोलत असेल तर 'मी करते'. इंग्रजीने हा सगळा पसारा टाकून दिला आहे. 'आय वर्क' कोणीही म्हणावं. बदल फक्त एका जागी होतो: ही, शी, इट यांच्यासाठी क्रियापदाला 'एस' लागतो. ही वर्क्स, शी वर्क्स, इट वर्क्स. एवढा एकच बदल असूनही तोच सर्वांत जास्त विसरला जातो, आणि त्यामागे मराठीची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण आदरार्थी बहुवचन. 'बाबा सहा वाजता येतात', 'बाई चांगलं शिकवतात'. माणूस एकच, पण क्रियापद बहुवचनी. मनात बहुवचन असल्यामुळे 'माय फादर कम ॲट सिक्स', 'अवर टीचर टीच वेल' अशी वाक्यं तयार होतात. इंग्रजी क्रियापद आदर दाखवत नाही, ते फक्त डोकी मोजतं. वडील एक, म्हणून 'माय फादर कम्स'. शिक्षिका एक, म्हणून 'अवर टीचर टीचेस'. राष्ट्राध्यक्ष असोत की आजोबा, 'एस' लागणारच.

दुसरं कारण 'एव्हरीबडी', 'एव्हरीवन' हे शब्द. 'सगळ्यांना माहीत आहे' म्हणताना डोळ्यांसमोर माणसांचा घोळका असतो. इंग्रजी मात्र या शब्दांना एकवचनी धरतं: 'एव्हरीबडी नोज', 'एव्हरीवन वॉन्ट्स टू विन'. 'पीपल' याच्या उलट, 'पीपल नो', 'पीपल वॉन्ट'.

स्पेलिंगचे नियम थोडे आहेत आणि लिहिता लिहिता हाताला बसतात. 'वॉच', 'वॉश', 'पास', 'गो' यांना 'ईएस' लागतं. 'स्टडी'सारख्या शब्दात शेवटच्या 'वाय'आधी व्यंजन असेल तर 'वाय' जाऊन 'आयईएस' येतं. 'प्ले'मध्ये 'वाय'आधी स्वर आहे, तिथे नुसता 'एस'. 'हॅव'चं 'हॅज' होतं. उच्चाराकडे मात्र नवशिके लक्ष देत नाहीत, आणि द्यायला हवं. 'वर्क्स', 'स्टॉप्स' यांत शेवटी स्वच्छ 'स' ऐकू येतो. 'रीड्झ', 'प्लेझ' यांत 'झरा'मधल्या 'झ'च्या जवळचा आवाज येतो. 'वॉचिझ', 'वॉशिझ' यांत उच्चाराचा आणखी एक तुकडा वाढतो. हा शेवटचा आवाज गिळला तर लिहिताना बरोबर असलेलं वाक्य ऐकताना चुकीचं वाटतं.

नकार आणि प्रश्नासाठी 'डू' किंवा 'डझ' मदतीला येतं. इथे लक्षात ठेवायचं ते हे की वाक्याच्या वाट्याला एकच 'एस' आहे. तो 'डझ'मध्ये गेला की मुख्य क्रियापदाला उरत नाही. 'शी वर्क्स', पण 'डझ शी वर्क?' आणि 'शी डझन्ट वर्क.' 'डझ शी वर्क्स?' म्हटलं की तो दोनदा खर्च झाला.

'ॲम', 'इज', 'आर' यांना या मदतीची गरज नसते: 'शी इज लेट', 'इज शी लेट?', 'शी इज नॉट लेट.' आणि साध्या क्रियापदाच्या आधी 'ॲम' घुसवायचं नाही. 'मी सहमत आहे' यातल्या 'आहे'मुळे 'आय ॲम ॲग्री' अगदी सहज तोंडात येतं. 'ॲग्री' हेच क्रियापद आहे, म्हणून नुसतं 'आय ॲग्री'.

चालू वर्तमानकाळाची बांधणी

इथे दोन तुकडे लागतात आणि दोन्ही लागतातच: 'ॲम', 'इज' किंवा 'आर', आणि मुख्य क्रियापदाला 'आयएनजी'. 'ही स्लीपिंग' अपुरं, 'ही इज स्लीप' चुकीचं, 'ही इज स्लीपिंग' बरोबर. प्रश्नात पहिला तुकडा पुढे येतो, 'इज ही स्लीपिंग?', आणि नकारात मध्ये 'नॉट' बसतं. 'डू', 'डझ' यांचं इथे काम नाही.

लिहिताना 'राइट'चा शेवटचा 'ई' गळून 'राइटिंग' होतं, 'रन'चा 'एन' दुप्पट होऊन 'रनिंग', आणि 'लाय'मधलं 'आयई' जाऊन तिथे 'वाय' येतं. बोलताना 'ही इज'चं 'हीझ' आणि 'दे आर'चं 'देअर' होतं. ऐकताना हे जोड पकडता आले पाहिजेत, नाहीतर समोरचा 'इज' म्हणतच नाही असं वाटत राहतं.

मराठी क्रियापद जिथे फसवतं

पहिली जागा 'करत असतो'. 'ती रोज संध्याकाळी फिरायला जात असते.' मराठी व्याकरणात याला रीती वर्तमानकाळ म्हणतात. यातल्या 'जात'मुळे 'शी इज गोइंग फॉर अ वॉक एव्हरी इव्हनिंग' असं म्हणावंसं वाटतं. पण रोजची रीत म्हणजे एरवीची गोष्ट. 'शी गोज फॉर अ वॉक एव्हरी इव्हनिंग.' 'करतो' आणि 'करत असतो' दोन्ही इंग्रजीत साध्या वर्तमानकाळातच जातात.

दुसरी जागा 'मला'ने सुरू होणारी वाक्यं. मला समजतंय, मला वाटतंय, मला आठवतंय, मला हवंय. मराठीत ही रूपं बिनदिक्कत चालू काळासारखी दिसतात. इंग्रजीत जाणणं, समजणं, आवडणं, हवं असणं, आठवणं, मालकीचं असणं या स्थिती मानल्या जातात. ती करायची कामं नव्हेत, त्यामुळे ती 'चालू' नसतात. म्हणून 'आय अंडरस्टँड', 'आय थिंक', 'आय रिमेंबर', 'आय वॉन्ट'. 'नो', 'लाइक', 'नीड', 'बिलीव्ह', 'बिलाँग', 'ओन', 'कॉस्ट', 'कंटेन' हे याच गटातले. दिसणं आणि ऐकू येणं यांची गंमत अशी की 'मला ऐकू येतंय' याला सहसा 'आय कॅन हिअर' म्हणतात. फोनवर 'आय ॲम हिअरिंग यू' म्हणण्याऐवजी 'आय कॅन हिअर यू' म्हणा.

तिसरी जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण शिकवताना ती बहुतेक वेळा सुटून जाते. 'तो झोपला आहे.' 'ती खिडकीपाशी बसली आहे.' 'त्याने निळा शर्ट घातला आहे.' मराठीत ही पूर्ण काळाची रूपं आहेत. बसण्याची क्रिया झाली आणि आता ती त्या अवस्थेत आहे, असा मराठीचा विचार. त्यावरून 'शी हॅज सॅट', 'ही हॅज वोर्न अ ब्लू शर्ट' अशी वाक्यं निघतात. इंग्रजी ती अवस्था 'चालू आहे' असं मानतं: 'ही इज स्लीपिंग', 'शी इज सिटिंग बाय द विंडो', 'ही इज वेअरिंग अ ब्लू शर्ट.' उभं असणं, आडवं पडलेलं असणं, टेकलेलं असणं, लटकत असणं या सगळ्यांना हेच लागू. आणि तो शर्टाच्या बाहीत हात घालतोय, बटणं लावतोय, ती क्रिया सांगायची असेल तर क्रियापदच बदलतं: 'ही इज पुटिंग ऑन अ शर्ट.'

आता इथेच एरवी आणि सध्याचा प्रश्न पुन्हा लावून पाहा. 'त्याने चष्मा लावला आहे' म्हणजे 'ही इज वेअरिंग ग्लासेस'. 'त्याला चष्मा आहे' म्हणजे 'ही वेअर्स ग्लासेस', मग तोंड धुताना त्याने तो काढून ठेवलेला का असेना. 'ती दारात उभी आहे' याला 'शी इज स्टँडिंग इन द डोअरवे'. 'ती इमारत टेकडीवर उभी आहे' याला 'द बिल्डिंग स्टँड्स ऑन अ हिल'. मराठीत दोन्हीकडे 'उभी आहे'. पण बाई थोड्या वेळाने निघून जाईल आणि इमारत तिथेच राहील, म्हणून इंग्रजीत काळ वेगळे.

चौथ्या जागी या दोन्हींपैकी कोणताच काळ चालत नाही. 'मी तीन वर्षांपासून इथे राहतोय.' 'राहतोय' ऐकून 'आय ॲम लिव्हिंग हिअर फॉर थ्री इयर्स' येतं, आणि ही चूक अनेक वर्षं इंग्रजी वापरणाऱ्यांच्याही बोलण्यात टिकून असते. मागे सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेल्या गोष्टीचा कालावधी सांगायचा असेल तर इंग्रजीला 'हॅव बीन' लागतं: 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर थ्री इयर्स.' 'किती दिवसांपासून' हे वाक्यात आलं की थांबा आणि 'हॅव' किंवा 'हॅज' घ्या.

तसंच 'थांब, मी दार उघडतो'. मराठीत साधा वर्तमानकाळ, पण अर्थ त्याच क्षणी घेतलेल्या निर्णयाचा. इंग्रजीत 'आय ओपन द डोअर' म्हटलं तर दार उघडणं ही तुमची रोजची ड्यूटी आहे असं वाटेल. 'आय विल ओपन द डोअर' म्हणा. कोणी हाक मारल्यावर आपण 'आलो!' म्हणतो, त्याचं इंग्रजी उत्तर 'आय ॲम कमिंग!'

एकच क्रियापद, दोन अर्थ

वर दिलेल्या स्थितीवाचक क्रियापदांना 'आयएनजी' कधीच लागत नाही, असं पाठ करू नका. काहींना दोन अर्थ असतात. 'आय थिंक ही इज राइट' हे मत. 'आय ॲम थिंकिंग अबाउट युअर ऑफर' म्हणजे डोक्यात विचार चालू आहे. 'शी हॅज अ कार' ही मालकी. 'शी इज हॅविंग लंच' म्हणजे जेवण चाललंय. 'द बॅग वेज टेन किलोज' हा बॅगेचा गुण, 'ही इज वेइंग द बॅग' हे हाताने चाललेलं काम. 'आय सी युअर पॉइंट' म्हणजे मुद्दा समजला, आणि 'आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो' म्हणजे भेट ठरलेली आहे.

यात सर्वांत सुंदर जोडी 'बी'ची आहे. 'ही इज रूड' म्हणजे माणूसच उद्धट. 'ही इज बीइंग रूड' म्हणजे एरवी तो तसा नाही, आत्ता उद्धटपणा करतोय. एका 'बीइंग'मुळे स्वभावावरचा ठपका त्या क्षणापुरता होतो. कोणाबद्दल बोलताना हा फरक वापरता आला तर तो जरूर वापरा.

खुणेच्या शब्दांवर किती विसंबायचं

'ऑलवेज', 'युजुअली', 'एव्हरी डे' आलं की साधा; 'नाउ', 'ॲट द मोमेंट' आलं की चालू, असं शिकवलं जातं. सुरुवातीला ते उपयोगी आहे, पण त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. 'आय नीड इट नाउ' यात 'नाउ' असूनही साधा काळ आहे, कारण 'नीड' ही स्थिती. 'ही इज ऑलवेज लूझिंग हिज कीज' यात 'ऑलवेज' असूनही चालू काळ आहे, आणि त्यात बोलणाऱ्याचा वैताग आहे: याचं सारखं आपलं किल्ल्या हरवणं चालूच! 'ही ऑलवेज लूझेस हिज कीज' म्हटलं तर ती नुसती माहिती होते.

या शब्दांची जागा मात्र नक्की असते. 'ऑलवेज', 'ऑफन', 'नेव्हर' मुख्य क्रियापदाच्या आधी येतात, 'शी ऑफन वॉक्स टू वर्क', आणि 'ॲम', 'इज', 'आर' यांच्या नंतर, 'शी इज नेव्हर लेट'.

उद्याचं बोलताना

दोन्ही काळ पुढच्या गोष्टींसाठीही वापरतात. वेळापत्रकाने ठरलेलं असेल तर साधा: 'द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स.' माणसांनी आपसात ठरवलेलं असेल तर चालू: 'वी आर मीटिंग ॲट सिक्स.' 'तो येईल तेव्हा मी सांगेन' यात मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ आहे. इंग्रजीत 'व्हेन', 'इफ', 'बिफोर', 'अंटिल' यांच्या मागोमाग येणाऱ्या वेळेच्या किंवा अटीच्या भागात साधा वर्तमानकाळच: 'आय विल टेल हिम व्हेन ही कम्स.' 'व्हेन ही विल कम' इथे चालत नाही.

आणखी दोन जागा पटकन सांगतो. सामन्याचं धावतं वर्णन करणारे झटपट घडणाऱ्या गोष्टी साध्या काळात सांगतात, 'ही पासेस द बॉल', कारण 'पासिंग' म्हणेपर्यंत चेंडू पुढे गेलेला असतो. आणि जे शब्द उच्चारणं हेच काम असतं तिथेही साधा काळ: 'आय प्रॉमिस', 'आय अपॉलोजाइज'.

हे सगळं अवघड वाटलं तर एवढं जाणून घ्या की इंग्रजीत हा फरक आजच्याइतका काटेकोर नेहमीच नव्हता. 400 वर्षांपूर्वी समोर वाचत बसलेल्या माणसालाही 'व्हॉट डू यू रीड?' असं विचारलं जाई. आज तिथे 'व्हॉट आर यू रीडिंग?' हवंच.

एक परिच्छेद दुरुस्त करून पाहू

समजा नवशिक्याने आपल्या ताईबद्दल असं लिहिलं: 'माय सिस्टर वर्क इन अ हॉस्पिटल. शी इज हॅविंग टू चिल्ड्रन. शी इज गेटिंग अप ॲट फाइव्ह एव्हरी डे. धिस मंथ शी वर्क्स ॲट नाइट. शी इज लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स. आय ॲम थिंकिंग शी इज टायर्ड.'

पहिल्या वाक्यात ताई एक, म्हणून 'वर्क्स'. दुसऱ्यात मुलं असणं ही स्थिती, म्हणून 'शी हॅज टू चिल्ड्रन'. तिसऱ्यात रोजची रीत, म्हणून 'शी गेट्स अप'. चौथं वाक्य व्याकरणाने चुकलेलं दिसत नाही, म्हणून ते निसटतं. पण रात्रपाळी या महिन्यापुरतीच आहे, एरवीची नाही, तेव्हा 'धिस मंथ शी इज वर्किंग ॲट नाइट'. पाचव्यात दहा वर्षांचा कालावधी आला, म्हणून 'शी हॅज बीन लिव्हिंग हिअर'. शेवटी 'आय ॲम थिंकिंग'च्या जागी 'आय थिंक', कारण ते मत आहे. त्याच वाक्यातलं 'शी इज टायर्ड' तसंच ठेवायचं. ताई सध्यापुरती दमली असली तरी 'टायर्ड' हे विशेषण आहे, त्याला 'आयएनजी' जोडायला गेलात तर 'टायरिंग' होईल आणि दमवणारी ताईच ठरेल.